पोस्टर होतं तिथेच लाव

चिरंजीव,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

काल तुझ्या होणाऱ्या सासरची मंडळी येणार म्हणून माझ्या आवडत्या पिक्चरचं पोस्टर तू भिंतीवरून ओरबाडून काढलंस. वर त्यांना सांगितलंस, “आईला असलं रक्तबिक्त बघवतच नाही. आधीच्या भाडेकरूचं होतं ते.” मी चहाचे कप हातात धरून गप्प राहिले. आज राहणार नाही.

तू कडेवरचा होतास. तुला शेजारणीकडे सोडून मी तो पिक्चर बघायला गेले होते. मुखवटा घातलेला खुनी एकेकाला कापत सुटतो आणि सगळे जीव घेऊन पळतात. शेवटी उरलेली पोरगी मात्र पळायची थांबते, मागे वळते आणि त्याच्याच हातातली कुऱ्हाड हिसकावून घेते. सगळं थिएटर किंचाळत होतं आणि मी टाळ्या वाजवत होते. तुला घेऊन घरी आले तर तुझ्या वडिलांनी नेहमीसारखा पट्टा काढला. त्या दिवशी मी तो हिसकावला, तुला उचललं आणि बाहेर पडले. परत फिरले नाही. त्यानंतर तो पिक्चर किती वेळा पाहिला, मलाच माहीत नाही.

तुला हे कधी सांगितलं नाही. पण म्हणून चारचौघांत माझी लाज वाटून घ्यायचा हक्क तुला मिळत नाही. पोस्टर होतं तिथेच लाव आणि फाटलेला कोपरा नीट चिकटव.

तोच पिक्चर पुन्हा लागलाय, तिकडेच चाललेय. सकाळी तुझ्या होणाऱ्या बायकोचा फोन आला होता. तिला सगळं खरं सांगितलं. तीही येतेय माझ्याबरोबर. तुझं तिकीट काढलेलं नाही.

आई