आईचं वय, माझा रिफंड

७ जुलै, रविवार
संकल्प : यंदा टॅक्समध्ये एक रुपयाही सोडायचा नाही. ऑफिसातल्या चंदनने वडिलांच्या दवाखान्याचा खर्च दाखवून दहा हजार रिफंड काढला. आईवडील साठीच्या पुढचे असले आणि हेल्थ इन्शुरन्स नसला, तर पन्नास हजारांपर्यंत वजावट. आई बहात्तरची. इन्शुरन्स नाही (मी काढलाच नाही. दूरदृष्टी). गेल्या वर्षी मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं, तेही बरंच झालं. इतकी वर्षं आईचं केलं, त्याची सरकारने शेवटी दखल घेतली. आई चार वर्षांपासून अकोल्याला बहिणीकडे, भावनाकडे असते. पण ही तांत्रिक बाब.

८ जुलै
भावनाला फोन. तिचं पहिलंच वाक्य : "दादा, कोणी गेलं काय?" माणूस काळजीने फोन करतो, तर हे. आधी आईची तब्येत विचारली, मग बिलांचा विषय सहज काढला. येऊन घेऊन जा म्हणाली. टोन आवडला नाही.

१४ जुलै, रविवार
बडनेऱ्याहून गाडीने अकोला. डझनभर केळी नेली. बिलं बिस्किटाच्या डब्यात, तारखेनुसार लावलेली. एकूण ब्याऐंशी हजार. एवढं मोठं होतं ऑपरेशन? तेव्हा ऑडिटमुळे जाता आलं नव्हतं. पैसे सगळे जावयाने, नागसेनने, मोबाइलवरून भरलेले. रोखीचा खर्च चालत नाही, त्यामुळे हे उत्तम.
निघताना आई दारात. हातात काठी, खांद्याला भरलेली पिशवी.
"मले वाटलं, तू मले न्यायले आला."
दसऱ्यानंतर नक्की नेतो म्हणालो. गाडीत बसायला जागा मिळाली, पण डोळा लागला नाही. भावना चहा फार कडक करते.

१९ जुलै
रिटर्न भरणारा अनुप फार खोचक. पैसे तुम्ही भरले का, म्हणे. आमचं कुटुंब एक आहे, असं सुनावलं. तो म्हणे, नियम कुटुंब पाहत नाही, खातं पाहतो. ते बघू. मग आईचं आधार कार्ड मागितलं. त्यावर वय अठ्ठावन्न! अनुप माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही एकोणपन्नासचे, म्हणजे तुम्ही झालात तेव्हा आई नऊ वर्षांची होती. काय हा सरकारी घोळ.

त्याच दिवशी, जेवल्यावर
आठवलं. बारा वर्षांपूर्वी आधारच्या कॅम्पमध्ये वय मीच सांगितलं होतं. पन्नाशीच्या आत आयुर्विम्याचा हप्ता कमी बसत होता, म्हणून आईची चौदा वर्षं कमी केली. वारसदार मी. दोन हप्ते भरून पॉलिसी बंद पडली, वय तेवढं राहिलं. हेतू चांगला होता.

२२ जुलै
तोडगा सापडला : आधार दुरुस्ती. त्यासाठी आईला स्वतः जावं लागतं, म्हणून अमरावतीला आमच्याकडे बोलावलं. बायकोला, पायलला, सांगितलं की आठच दिवसांचा प्रश्न आहे. आई फोनवर रडली. एका दगडात दोन पक्षी : आईला आनंद, मला रिफंड.

२५ जुलै
आधार सेंटरवर तीन तास रांग. एकच खुर्ची रिकामी होती, तिच्यावर फाइल ठेवली. नंतर आईलाही दिली. ऑपरेटरला शाळेचा नाहीतर जन्माचा दाखला हवा. आई शाळेत गेलेलीच नाही. तिने त्याला शांतपणे समजावलं, "माह्या पोरालेच इचार बाप्पा. त्यानंच सांगतलं होतं तवा."
सगळी रांग माझ्याकडे बघू लागली. लोकांना दुसरे उद्योग नाहीत.

३१ जुलै
शेवटची तारीख. रिटर्न गेलं. वजावट शून्य, रिफंड शून्य, अनुपची फी पाचशे. नियमच चुकीचे आहेत, अर्ज करणार आहे.
संध्याकाळी नागसेन आईला न्यायला आला. तिला तयारी करावी लागली नाही. कपाटात जागा करून द्यायची राहून गेली होती, त्यामुळे पिशवी भरलेलीच होती. त्याच पिशवीतून तिने घडी घातलेली पाचशेची नोट काढली.
"माह्यापायी तुले खर्च पडला. घे."
नको म्हणणारच होतो. पण अनुपचे दोन मिस्ड कॉल आले होते. घेतली. त्याला रोख चालते.