तेरा ऑगस्टची नोंद

अंबरपेठ, हैदराबाद
२२ फेब्रुवारी १९५१

प्रिय अनंता,

तुझं कार्ड पोचलं. पुण्याच्या कॉलेजात तुला जाळी विणणाऱ्या कोळ्यांवर लिहायला सवड मिळतेय हे वाचून बरं वाटलं. भामा म्हणाली, “भावजींचं ते वेड अजून गेलं नाही का?”

तू विचारलंस ते खरं आहे. आपल्या बाभळीवरच्या कोळ्यांची पिल्लं आईला खातात. पावसाळ्यात अंडी फुटली की ती आधी स्वतःच्या पोटातलं काढून त्यांना भरवते. मग तिचं अंगच मऊ पडत जातं आणि पिल्लं तिला शोषून घेतात. ती पळत नाही. ज्यांनी अंडी घातलीच नाहीत अशा माद्याही परक्या पिल्लांना भरवतात आणि तशाच संपतात. याच प्रजातीतली दुसरी जात झुडपावर एकटीने राहते, आणि आपली ही मात्र शे-दीडशेंनी एका घरात. जाळ्याला चिकटा नाही, नुसता पिंजलेल्या कापसासारखा धागा. त्यात मोठा नाकतोडा अडकला तर सात-आठ जणी मिळून ओढत नेतात.

यातलं निम्मं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कादरमियाँच्या डोळ्यांनी पाहिलंय. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला शिपाई म्हणून आपण त्यांना हाक मारायचो, पण तारनाक्यापलीकडच्या रेल्वेच्या कुंपणावरची प्रत्येक बाभूळ त्यांना ठाऊक होती. तू घरटं फोडायला निघालास तेव्हा तुझं मनगट धरून म्हणाले होते, “नक्को बाबू, हात नक्को लगाओ. घर है उनका.” सत्तेचाळीसात तू निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात गेलास, सोलापूरच्या छावणीत राहिलास. मी नोकरीला चिकटून राहिलो. ते वर्षभर आम्ही दोघं दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, घरटी मोजत होतो. मी मराठीत लिहायचो, ते खाली उर्दूत आकडा टाकून सही करायचे.

तू दर पत्रात त्यांची विचारपूस करतोस. मी “बरे आहेत”, “गावी गेलेत” असं काहीबाही लिहीत आलो. अनंता, कादरमियाँ जाऊन पावणेदोन वर्षं झाली.

पोलीस कारवाईनंतर महिन्याभरात त्यांना धरलं. कुणीतरी सांगितलं होतं, की तेरा ऑगस्टला त्यांनी रझाकारांच्या टोळीबरोबर एक गाव लुटलं. दाढी आणि खाकी कोट एवढाच पुरावा. तो कोटही प्रयोगशाळेने दिलेला! कॉलेजात चौकशीला एक लष्करी अधिकारी आला. मला विचारलं, “त्या दिवशी हा माणूस कुठे होता?”

तो शुक्रवार होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते माझ्याबरोबर कुंपणाशी होते. दुपारी चिंचेखाली नमाज पढले आणि पुन्हा मोजायला लागले. एकतीस घरटी भरली. वहीत तारीख आहे, त्यांची सही आहे. वही माझ्या कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली तेव्हा माझ्या खिशात होती.

मी म्हणालो, “नक्की आठवत नाही.”

का म्हणालो ते तुला कसं सांगू? गल्लीत मला निजाम सरकारचा माणूस म्हणत होते. मुकुंदरावांसारखा भला शेजारीही ओळख दाखवेना. एका मुसलमानासाठी साक्ष दिली तर आपलंही नाव यादीत जाईल, एवढंच डोक्यात होतं. वाटलं, चार दिवसांत सुटतील. ते सुटले नाहीत. पुढच्या मे महिन्यात तुरुंगात हगवण लागून गेले. मी मातीलाही गेलो नाही.

आज त्यांची बायको रहमतबी घरी आली होती. मुलगी जुबेदा शिकली. तिला शाळेत शिक्षिकेची जागा मिळत होती, पण बापावर लुटीचा शिक्का म्हणून अर्ज परत आला. रहमतबी भामाजवळ जमिनीवरच बसली, खुर्ची घेईना. मला म्हणाली, “भाईसाब, आप तो उनके साथच रहते थे. उनो अच्छे आदमी थे, इतना लिखके दियो. आपका नाम बहुत लेते थे.” तिला वहीबद्दल काही माहीत नाही. मी नुसतं बघतो म्हणालो. जाताना तिने दुआ दिली.

ती गेल्यावर भामाला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच.  ती एवढंच म्हणाली, “त्यांच्या घरी तुम्ही स्वतः जा. मला पाठवू नका.”

उद्या सकाळी वही आणि माझी जबानी घेऊन मी आधी रहमतबीकडे जाणार आहे, मग जुबेदाचा अर्ज परत करणाऱ्या कचेरीत. अडीच वर्षं गप्प का बसलात, असं दोन्हीकडे विचारतील. कचेरीत नोकरीचं काय व्हायचं ते होवो. रहमतबीला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. हे सगळं तुला आजच लिहून टाकतोय, कारण मी स्वतःला ओळखतो. सकाळ झाली की मला पुन्हा काहीतरी आठवेनासं होईल. म्हणून आधी हे पत्र टपालाच्या पेटीत टाकतो. एकदा ते तुझ्याकडे निघालं, की मला घरी परत फिरता येणार नाही.

तुझाच, पण तू समजत होतास तसा नव्हे,
श्रीनिवास