निल्लु

सोलापूर, १९७४

श्री. शरणप्पा यांस नमस्कार.

ट्रॉली मागं घेताना तुमचा मल्लिनाथ ‘निल्लु, निल्लु’ ओरडला. कानडीत त्याचा अर्थ थांब, हे ट्रॅक्टरवरच्या पोराला ठाऊक नव्हतं. मल्लिनाथ चाकाखाली गेला, तेव्हापासून शेतकी शाळेत माझा नियम आहे: मागं उभ्या पोरानं फक्त ‘थांब’ म्हणायचं. ट्रॅक्टर मी स्वतः खोलून शिकलोय. माझ्या नियमात चूक सापडायची नाही.

तरी काल ऐन दुपारी ट्रॉली मागं घेताना मागून ‘निल्लु’ ऐकू आलं. वर्गात आता कानडी कुणालाच येत नाही. मी ट्रॅक्टरवरच्या पोराला ब्रेक दाबायला लावला. चाकामागं स्वयंपाकीण सोनाबाईची नात खडे वेचत बसलेली.

मी पोरांना विचारलं, “कोण ओरडलं रे?”

“सर, आमाला रोजच ऐकू येतंय की! तुमालाच लई उशिरा आलं.”

अपघाताच्या जागी शांतीची पूजा करून पोराच्या आत्म्याला सोडवायला येतो, असं तुम्ही लिहिलंत. या म्हणावं, तर उद्या या पोरांना कोण थांबवणार? येऊ नका म्हणावं, तर तुमचा मल्लिनाथ आमच्या चाकामागंच राहू द्या, हे बापाला कुठल्या तोंडानं लिहू?

म्हणून हेही पत्र टाकत नाही.

आपला,
गणपत ढेरे, ट्रॅक्टर मास्तर