टोपाचं लिंबू

बाबा, आज दुपारी दुकानात एकजण अगदी तुमच्या सुरात बोलला. मी मोसंबी सोलत होतो, पाठ त्याच्याकडे. "लिंबू सरबत दे रे, मोठा गिलास. मटण झालंय, आता नसा धुवायच्यात." सुरी हातातच थांबली. वळून पाहिलं तर इथल्या कारखान्यातला माणूस, घाम पुसत उभा.

तुमच्यामागे मी वाशिंदला रसाची हातगाडी लावली. आता गाळा स्वतःचा आहे, बरा चालतो. पण टोप दिसला की मी अजून आपल्या गावी, शेणव्यात असतो. लग्नघराच्या मागे चुली पेटल्यात, तुम्ही कमरेला टॉवेल बांधून हळदीचं मटण ढवळताय. पार मुरबाडपर्यंत लोकांना तुमच्याच हातचं लागायचं. पंगती उठल्या की तुम्ही रिकाम्या टोपात राख आणि लिंबाच्या फोडी टाकून घासता, तवंग सुटतो, टोप लखलखतो. मग पाण्यात लिंबू पिळून घटाघटा पिता आणि पुन्हा पानावर बसता. आई म्हणते, "अवो, दुसऱ्यांदा?" तुम्ही म्हणता, "टोपाचं तेल निघतं गो, माणसाचं नाय निघणार?" सगळे हसतात. मीही हसतो, कारण मला ते पटलेलंच असतं.

पुढे शहापूरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढून सांगितलं, नसा आतून अरुंद झाल्या असणार, तेलकट बंद करा. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "लिंबू कमी पडलं रे. आता दोन पिळायची." ती लग्नसराई संपायच्या आत तुम्ही गेलात.

या धंद्यात पडलो तसा मी ऐकत, विचारत राहिलो. शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्याकडे बिनसाखरेची मोसंबी घ्यायला येतात. ते म्हणाले, "जड, चरबीचं जेवण झालं की काही तास नसा नीट सैल होत नाहीत. मोसंबी-संत्र्याच्या रसाने थोडा फरक पडतही असेल, त्यावर अभ्यास चालू आहेत."

"म्हणजे आमचे बाबा बरोबर होते?"

"जवळपास होते. पण नस म्हणजे टोप नव्हे, वरून ओतून धुता येत नाही. आणि तुमच्या सरबतात साखर किती असते ते मी पाहिलंय."

तेव्हा मी रंगाऱ्याला नवी पाटी सांगून बसलो होतो, 'जेवणानंतर एक ग्लास, नसा साफ'. ती बदलून नुसतं 'ताजा रस' लिहायला लावलं. रंगारी वैतागला, "शेठ, ताजा रस तर समोरचा पण लिवतो." म्हटलं, लिहू दे. त्या पाटीवर गिऱ्हाईक वाढलं असतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्यांदा पानावर बसणारा माणूस मी घरात पाहिला होता.

म्हणून आज त्या माणसाला विचारलं, "दादा, छातीत काय होतं का?"

"जिना चढताना दाटतं जरा. लिंबू घेतलं की बरं वाटतं."

ग्लास भरला होता, तो तसाच ठेवला. गल्ला बायकोकडे दिला आणि त्याचं मनगट धरून शेजारी नेलं. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडत होता, "सरबत मागितलं तर दवाखाना दाखवतो! काय दुकानदार हाय का कोण!" डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, पट्टी बघितली आणि त्याला लगेच कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मघाशी त्याच्या बायकोचा फोन आला. वेळेत पोचले, आता बरा आहे, आणि मला शिव्या देतोय. शिव्या देतोय म्हणजे चांगला बरा आहे.

उद्या पुतणीची हळद. टोप आता माझ्याकडे असतो. मी एकदाच जेवतो, मटण थोडंच घेतो, ते तुम्हाला आवडलं नसतं. पण पंगती उठल्यावर राख-लिंबाने घासताना तवंग सुटतो ना, तेव्हा दरवेळी क्षणभर वाटतं, तुमचंच खरं असेल. हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही.