बुटातलं बटण

ती. ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (हल्ली पाय हा शब्द मी जरा जपूनच लिहितो, कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला, की अजून घरात वावरतोय? मी खुशाल आहे. रक्तातली साखर आहे, पण ती आता घरचीच झाली.

गेल्या आठवड्यात दुकानात एका वकिलांचा कोट शिवून पुरा केला आणि वरचं बटण सापडेना. शिंगाचं, चार भोकांचं, त्याला जोड मिळणं कठीण. मी मशीनखाली शिरलो, चिंध्यांचं पोतं उपसलं, भागीदाराला दोन शब्द ऐकवले. त्यानेही माझ्या चष्म्यासमोरून हत्ती गेला तरी दिसायचा नाही असं सुनावलं आणि तो फुगून घरी गेला. शेवटी डोळे मिटून देवाला विनवलं. संध्याकाळी घरी बूट काढला, तर बटण मोज्याला चिकटलेलं. म्हणजे देवाने मागण्याआधीच दिलं होतं, पायाने मात्र कळवलं नाही. दिवसभर मी ज्याच्यावर उभा होतो त्यालाच शोधत होतो, आणि तळव्यावर चारही भोकं स्वच्छ उमटली होती. (कोट वेळेवर गेला. वकील खूश.)

आपला तळवा आपल्याला धड दिसत नाही, हे मला पन्नाशीच्या तोंडावर कळलं. ही होती तेव्हा जाता येता माझ्या भेगांवरून बोलायची. तेव्हा मला कटकट वाटे. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या मापाच्या आरशासमोर बसून पाय वर केला, तेवढ्यात एक बाई फ्रॉक घेऊन आल्या आणि दारातूनच परत फिरल्या. तळव्यावर फोड आला होता. घरी येऊन मी गरम पाण्यात पाय बुडवून बसलो. पाणी बेताचंच वाटलं. मग पाय चोळायला बादलीत हात घातला आणि बोटं पोळली.

तेव्हा मात्र दवाखाना गाठला. नर्सबाईंना म्हटलं, दुखत तर काहीच नाही. त्या म्हणाल्या, "काका, तीच तर तक्रार आहे."

साखरेने तळवे बधिर झालेत म्हणाल्या, आणि नियम सांगितले: पाणी कोपराने बघायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या (मी तिथे भक्तिभावाने तेल भरत होतो), बूट झटकून घालायचे, घरातही अनवाणी फिरायचं नाही. देवापुढे? म्हटलं. देवापुढे मोजे चालतील, असं त्यांनी देवाच्या वतीने सांगून टाकलं. रोज कुणीतरी तळवा बघायचा, आणि फोडाभोवती लाली, सूज किंवा पाणी दिसलं तर त्याच दिवशी यायचं, दुखायची वाट बघायची नाही.

बाकी सगळं ठीक. काळजी नको. येण्याची धावपळ तर मुळीच करू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. कोपराने पाणी बघणारा माणूस पंख दुमडलेल्या कोंबडीसारखा दिसतो. इथे हसायला कुणी नाही, म्हणून कळवलं.

आणखी ता. क. घरी तळवा कोण बघतं, असं नर्सबाईंनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून "बहीण" असं निघून गेलं. लहानपणी माझ्या पायातले काटे सुईने तूच काढायचीस, तेव्हा अगदीच खोटं नाही. आज सकाळी आरशात फोडाच्या कडेला लाल दिसलं. पत्र पेटीत टाकून तसाच दवाखान्यात जातोय. बहीण कुठे आहे, असं त्या विचारतीलच. गावाला गेलीय, येईलच आता, असं सांगणार आहे.

सुई आणू नकोस, त्यांना चालायची नाही. चष्मा तेवढा आण.