मास्तरांचा परवाना

३ मार्च, सोमवार
आले एकदाची. सांतो दोमिंगोतल्या या जुन्या वकिलातीच्या मागच्या आवारात मला खोली मिळालीय, पंख्यासकट. दाराशी आंब्याचं झाड आहे, पण आम्हा बानी गावच्या माणसांना राजधानीतला आंबा म्हणजे नुसता चोथा. काम मात्र झकास. जुनी इमारत दुरुस्त करायची आणि मागच्या बाजूला दोन मजली नवं दालन जोडायचं. खारं वारं, ओल आणि वाळवी या तिघांनी मिळून घर पार पोखरलंय. तुळईत पेचकस खुपसला तर लोण्यात गेल्यासारखा आत गेला. गेला तर गेला, वाळवीच्या नाकावर टिच्चून हे घर उभं करीन.

फाटकावरचा म्हातारा पहारेकरी राधामेस म्हणाला, बानीची माणसं एवढी चिक्कू, की इंजिनीअरबाई सिमेंटसुद्धा चमच्याने मोजून देणार. मी म्हटलं, काका, तुमचं पेन्शन माझ्या हातात असतं तर तेही चमच्यानेच मिळालं असतं. गडी खूश झाला. दुपारी त्याच्याच डब्यातला राजमा-भात आणि तळलेली केळी खाल्ली.

७ मार्च, शुक्रवार
तळमजल्याची मागची भिंत कितीही वाळवली तरी ओलीच राहते. नवं दालन नेमकं तिथूनच जोडायचंय. आज मिलो गवंड्याने हातोडी वाजवून पाहिली आणि म्हणाला, बाई, ही आतून पोकळ आहे. फोडली. पलीकडे चिंचोळी खोली निघाली. खाट, खुंटीवर कोट, पत्र्याचा पांढरा मग. खिडकी विटांनी बुजवलेली. आणि जमिनीवर माणसाच्या लांबीएवढ्या फरश्या वेगळ्याच रंगाच्या.

राधामेसकाकाने टोपी काढली. मग सांगितलं. हुकूमशाहीच्या काळात सरकार ज्याच्या मागे लागे, तो भिंत ओलांडून कुठल्यातरी वकिलातीत शिरे. आतली जमीन परक्या देशाची, तिथे पोलीस येऊ शकत नसत. पण तिथून विमानतळावर जायचं तर सरकारचाच परवाना हवा. ओविदियो लांतिगुआ नावाचे शाळामास्तर असेच आले, तेही आमच्या बानीचे. परवाना काही आला नाही. फाटकाबाहेर काळी बीटल गाडी उभी असे, आत गुप्त पोलिसांचे फेल्ट हॅटवाले दोघे. मास्तर याच खोलीत तापाने गेले. सरकारने प्रेतालाही परवाना दिला नाही, म्हणून इथेच पुरले आणि खोली भिंतीआड बुजवली.

मेलेल्या माणसाला बाहेर पडायला परवाना लागतो म्हणे. माझं डोकंच फिरलं.

८ मार्च, शनिवार
मास्तरांची बहीण दर शनिवारी समोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहते, हे काकानेच सांगितलं. आज मी जाऊन भेटले. एर्सिलियाबाई, सत्तरी ओलांडलेल्या, चार शब्द बोलल्या की दम लागतो. माझं मनगट धरून म्हणाल्या, पोरी, आईशेजारी त्याची जागा राखून ठेवलीय. मेल्यामागची नऊ दिवसांची प्रार्थनासुद्धा केली नाही, माणूसच मिळाला नाही तर कशी करणार? आणि मी गेले की त्याला ओळखणारं कोण उरलं? त्याला तुमच्या हाती देते, असा शब्द देऊन आले.

वकिलातीचे सेक्रेटरीसाहेब म्हणाले, हे पेपरात गेलं तर नसती आफत. पुढच्या शनिवारी दुपारी त्या फरश्यांवर काँक्रीट ओता आणि विषय मिटवा. गोड हसून म्हणाले. मला असला राग आला की खुर्ची ढकलून उठले.

११ मार्च, मंगळवार
भर दुपारी फाटकासमोर काळी बीटल. वाळूचा ट्रक वळेना. जाऊन बॉनेटवर थाप मारली, चार शिव्या हासडल्या. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि तो पत्रा बर्फासारखा गार. काचा आतून धुरकटलेल्या, कुणी श्वास सोडत असल्यासारख्या. काकाला हाक मारायला वळले, परत पाहते तो गाडी नाही. आवाजही झाला नाही.

मिलो आज आला नाही. काल संध्याकाळी मास्तरांचा मग पिशवीत घालून घरी निघाला होता. कोपऱ्यावरच्या लॉटरीवालीने पाहिलं, हॅटवाल्या दोघांनी त्याला काहीतरी विचारलं आणि काळ्या गाडीत बसवलं. त्याची एक चप्पल अजून गटारापाशी पडलीय. पोलिसांनी लिहून घेतलं आणि जांभई दिली.

१३ मार्च, गुरुवार
सगळे मजूर पळाले. काका म्हणतो, मास्तरांची वस्तू म्हणजे मास्तरच. आत आहे तोवर सुरक्षित. बाहेर नेली की ते हॅटवाले येणारच. त्यांना कुणी सांगितलंच नाही, की राजवट संपली.

मग मी सांगते, म्हटलं.

फरश्या मी एकटीने उचलल्या. हाडं धुतली, माझ्या चादरीत गुंडाळली, टाइल्सच्या खोक्यात ठेवली. वर त्यांचा कोट. रडू आलं. मग मिलोसाठी त्या दोघांना मोठ्याने शिव्या दिल्या, फाटकाबाहेर ऐकू जातील अशा.

१४ मार्च
मोकळ्या हाताने बाहेर गेले तर काही नाही. दोनदा जाऊन कॉफी पिऊन आले. खोकं घेऊन उंबऱ्यापाशी गेले की गाडीचं दार उघडतं.

मागच्या भिंतीला शिडी लावली. मागच्या गल्लीतही काळी बीटल. तीच.

काका म्हणाला, पोरी, ठेव परत त्यांना. तुझं वय आहे का मरायचं?
नाही ठेवणार. भीती वाटतेय. वाटू दे.

१५ मार्च, शनिवार, दुपार
काँक्रीटची गाडी आलीय, मागे हॉर्न वाजवतेय. समोर एर्सिलियाबाई, टॅक्सीत, दार उघडं ठेवून. काकाने फाटक उघडलं. मी खोक्यावर बसलेय, फाटकाच्या मधोमध.

ते उतरले. दोघे. हॅटखाली — नको, बघायचंच नाही.

परवाना मागताहेत. एकाने हात पुढे केलाय. राजवट संपली, मी सांगितलं. ऐकत नाहीत. फक्त कागद बघतात. लिहितेय तोवर थांबलेत. बरं. कागदच हवाय ना, घ्या —

परवाना. मास्तर ओविदियो लांतिगुआ यांना घरी जाऊ द्यावं. कुणी अडवू नये.

वाचला. बाजूला झाला. झाला खरंच —
काका, उचला. पळू नका, चाला.

काका रस्त्यापार. खोकं बाईंच्या मांडीवर. कोटाला तोंड लावून रडताहेत. टॅक्सी हलली. गेली. गेले मास्तर —

दुसरा हलत नाहीये. विचारतोय, तुमचा कुठाय. मागे फाटक — फाटक कुणी लावलं —
गाडीच्या उघड्या दारातून गार लागतंय. लिहिते. माझाही लिहिते, त्यात काय —

परवाना. मी, नुरीस पेगेरो, राहणार बानी, कुणाच्या बापाला न घाब