उशिरा येणारा प्रकाश

५ जाने. ९४, डोंबिवली
पुन्हा तेच. माझ्या गाइड सरांचा सिद्धांत: औषध टाकलं की प्रथिनाचे तुकडे होतात, म्हणून लेसरखालच्या थेंबात रेणू मोजले तर जास्त भरतात. पेपर छापून झालाय. माझी पीएच.डी. त्याच पायावर. पण औषध टाकलं की द्रावण किंचित गढूळतं, लेसरचा प्रकाश नुसताच विखुरतो. तो मिसळला की रेणूंच्या चमकेचे चढउतार दबतात, आणि चढउतार कमी म्हणजे रेणू जास्त या हिशोबानं रेणू वाढल्यासारखे दिसतात. निदान मला तरी तसं वाटतं.
हेमंतशी बोलले. ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी, माझ्याच लॅबमध्ये पीएच.डी. करतो. तापट.
"मग गाळू या ना तो," म्हणाला.
"कसा?"
"विखुरलेला लगेच येतो. रेणू प्रकाश गिळतो, थांबतो, मग सोडतो. उशिरा येईल तेवढाच मोजायचा."
उशीर नॅनोसेकंदांचा! पण जमेल म्हणतो.

११ फेब्रु.
जमलं. फक्त उशिराचे फोटॉन घेतले. औषधाआधीचा आलेख आणि नंतरचा, एकावर एक बसले. तुकडे नाहीत. कधीच नव्हते.
हेमंत नाचायला लागला. मला मात्र घाम. सरांना सांगायचं कसं?

१२ फेब्रु.
घडलं तसं लिहिते.
सरांनी आलेख पाहिला आणि फाडला. म्हणाले, "माझ्या लॅबमध्ये मला खोटं पाडता?" लाइट लावले आणि काळ्या पेटीचं झाकण उपटलं. आत अंधारात एकेक फोटॉन मोजणारा डिटेक्टर चालू होता. एवढा उजेड पडल्यावर तो मेलाच. हेमंतनं त्यांचं मनगट धरलं. सरांनी स्टँडचा लोखंडी दांडा उचलून त्याच्या कानशिलात घातला. कान फाटला. रक्त माझ्या ओढणीवर.
मग हेमंत. पहिला ठोसा समजू शकते. पण सर खाली पडल्यावरही मारत राहिला. तोंडावर. मी शर्ट ओढत होते, "अरे, मरतील ते!" ऐकेचना. सरांचे दात फरशीवर.

१५ फेब्रु.
हेमंतला गाठलं. बंदराजवळ, तिघांनी. धरून उजवा हात दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडानं ठेचला. सोल्डरिंगचा हात.
हॉस्पिटलात त्याची आई मासळीची पाटी बाजूला ठेवून जमिनीवर बसलेली. "माझे पोराचा हात ठेचला गो बाय," एवढंच. कुणी पाठवले, सगळ्यांना माहीत. सरांचं नाव कुणी घेत नाही.
पोलीस केस मात्र हेमंतवर. सरांवर हल्ला.

१७ फेब्रु.
सरांचा फोन शेजारच्यांकडे आला. दादानं घेतला, आणि मी जबाब कसा द्यायचा ते पाठ करूनच परतला. हेमंतनं विनाकारण मारलं, सरांनी हात उचलला नाही.
"मी पाहिलंय दादा. आधी सरांनीच..."
"त्या कोळ्याच्या पोरापायी पीएच.डी. घालवणार? उद्या तुला गाठलं तर?"
मी म्हटलं, गाठू देत. त्यानं थोबाडीत मारली. दादानं, ज्यानं माझ्या शिक्षणासाठी वहिनीशी भांडणं केली. मग तोच रडत बसला. वहिनीनं बर्फ दिला. गाल अजून ठणकतोय.

१८ फेब्रु., चौकीत, बाकावर
सांगितलं सगळं. दांडा आधी सरांनी मारला हे, आणि हेमंत थांबला नाही हेही. फौजदारसाहेबांनी पेन खालीच ठेवलं. "मॅडम, बाहेर बसा. नीट आठवा. मग लिहू."
थोड्या वेळानं सर आले. तोंड सुजलेलं, बँडेज. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मग माझ्याकडे न बघता, अस्पष्ट,
"नलिनी, आलेख बरोबर होता तुमचा."
मी बघतच राहिले.
"ते मी लिहून देईन. पेपर मागे घेईन. दांड्याचं तेवढं गाळा..."
त्यांनी रुमाल तोंडावर धरला.
आतून हाक आली. जातेय.